साल्हेरची लढाई ज्या वावरांत झाली, तिथेही काही लिहा

प्रति,
संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य,
जिल्हाधिकारी, नाशिक,
आणि साल्हेरसाठी यापुढे माहितीफलक, पुस्तिका, ध्वनिफीत किंवा शाळेचा पाठ लिहिणारे सर्व जण

विषय : साल्हेरच्या पायथ्याशी १६७२ मध्ये मोगलांच्या वेढ्याच्या तळावर झालेला हल्ला आणि ती रणभूमी

स. न. वि. वि.

“बाई, लढाई मैदानात झाली म्हणता, मग आपण एवढं चढून वर कशाला आलो?”

साल्हेरच्या माथ्यावर, परशुरामाच्या मंदिरापाशी, नववीतल्या एका मुलीने मला हे विचारलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. समोर साल्होटा हा जोडकिल्ला उभा होता, खाली गंगासागर तलाव चमकत होता, पलीकडे डांगचं रान धुरकट दिसत होतं. साल्हेर १५६७ मीटर उंच आहे. कळसूबाईनंतर महाराष्ट्रातलं हेच उंच शिखर, आणि किल्ल्यांमध्ये सर्वांत उंच. एवढं चढून आलेल्या मुलीला तो प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क होता. मी म्हटलं, इथून सगळं दिसतं म्हणून. तिने खाली पाहिलं आणि विचारलं, मग दाखवा ना कुठे झाली. मला दाखवता आलं नाही.

उतरल्यावर साल्हेरवाडीत एका घराच्या ओट्यावर आम्ही पाणी प्यायलो. तिथे एक म्हातारे बाबा बसले होते. तीच मुलगी त्यांना आमच्या बागलाणच्या बोलीत म्हणाली, “आप्पा, लढाई कोठे व्हयनी?” त्यांनी हातातली काठी उचलून समोरची हरभऱ्याची शेतं दाखवली. “आठेच. ह्या वावरस्मा.”

मी सटाण्याकडच्या एका शाळेत २७ वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर नाशिकला मुलाकडे असते. साल्हेरच्या लढाईवर मी पोरांना एकच वाक्य लिहून द्यायचे: या लढाईत मराठ्यांनी मोगलांचा मैदानी युद्धात मोठा पराभव केला. दोन गुणांना ते पुरायचं. त्या ओट्यावर बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की मी ज्याला मैदान म्हणत होते ते कुणाचं तरी वावर आहे, आणि त्या वाक्यात लढाई कुठेच नाही.

हे पत्र आत्ता लिहिण्याचं कारण सांगते. ११ जुलै २०२५ रोजी साल्हेर जागतिक वारसा यादीत गेला. एकूण बारा किल्ले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. यादीतलं नाव नीट वाचा. त्यात ‘किल्ले’ हा शब्द नाही. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ असं ते नाव आहे. भूप्रदेश म्हटलं की डोंगर आला, घाट आला, पाणवठा आला, खालची शेतं आली. त्या बारांपैकी साल्हेर, राजगड, प्रतापगड आणि खांदेरी हे चार राज्याच्या संचालनालयाकडे आहेत, म्हणजे महोदय, साल्हेर थेट आपल्या हातात आहे. आता तिथे फलक लागतील, पुस्तिका निघतील. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने जिल्ह्यात पाहुणेही येतील आणि पैसाही येईल. गाड्या लावायला जागा लागेल, हॉटेलं लागतील, आणि ती सगळी पायथ्यालाच होतील, कारण सपाट जमीन तिथेच आहे. माझी मुख्य काळजी ही आहे. गडाचा माथा सरकारी संरक्षणात आहे. ज्या जमिनीवर लढाई झाली तिच्यावर उद्या पहिला जेसीबी चालेल.

म्हणून त्या जमिनीवर काय घडलं ते आधी सांगू द्या.

बागलाण म्हणजे गुजरात आणि खानदेश-दख्खन यांच्या मधला उंबरा. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल आणि फौज आत यायची तर या डोंगरांच्या कडेने यावं लागे. बागूल राजे मुल्हेरला बसून पिढ्यान्पिढ्या या वाटांचे मालक होते. १६३८ मध्ये औरंगजेबाने, तेव्हा तो शाहजादा आणि दख्खनचा सुभेदार होता, त्यांचं राज्य बुडवलं आणि बागलाण मोगलाईत गेलं. पुरंदरच्या तहाने शांत झालेलं युद्ध १६७० मध्ये पुन्हा पेटलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि परत येताना वणी-दिंडोरीजवळ दाऊदखान कुरेशीच्या फौजेशी गाठ पडली. आपण सप्तशृंगीला जातो त्या रस्त्याच्या आसपासचीच ही गोष्ट. लूट पुढे काढून द्यायची आणि मागे वळून शत्रूला अडवायचं, असं ते युद्ध झालं. मोगलांच्या आघाडीवर इखलासखान मियाना होता. तो उतावळेपणाने पुढे घुसला आणि जखमी होऊन घोड्यावरून पडला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन महिन्यांत, १६७१ च्या जानेवारीत, साल्हेर महाराजांनी घेतला. उंबऱ्यावरच मराठे येऊन बसले. मोगलांना हे सोसणारं नव्हतं. बहादूरखान आणि दिलेरखान गुजरातेकडून चालून आले आणि त्यांनी साल्हेरला वेढा घातला. काही काळाने हे दोन्ही बडे सरदार मोठी फौज घेऊन पुणे-सुप्याच्या रोखाने दक्षिणेकडे निघून गेले. वेढा चालू ठेवायला मागे राहिले इखलासखान मियाना, राव अमरसिंह चंद्रावत आणि इतर सरदार.

इथे मी थांबून वेढ्याच्या तळाबद्दल बोलणार आहे. आपल्या पुस्तकांत तळ हा शब्द येतो आणि निघून जातो, आणि पोरांच्या डोळ्यांसमोर फक्त तंबू उभे राहतात.

आमच्या शेजारी नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. एकदा मी त्यांना साल्हेरला घेऊन गेले. गडावर पाहत बसतील असं मला वाटलं होतं. ते पायथ्याशीच दोन तास फिरले. पहिला प्रश्न, “पाणी कुठून आणत असतील?” दुसरा, “घोड्यांना चंदी-वैरण कोण पुरवत असेल?” तिसरा, “बाई, हे सगळे गडाकडे तोंड करून बसलेले. पाठ कुठे होती यांची?” मला ते प्रश्न फार आवडले. वेढा घालणाऱ्याचं तोंड किल्ल्याकडे असतं. त्याचे मोर्चे, त्याच्या तोफा, त्याचा पहारा, सगळं वर पाहत असतं. मागे असतात दाणागोटा, बैल, उंट, बाजारबुणगे, स्वयंपाकाच्या चुली, जखमी माणसं. घोडदळाची जनावरं गवतासाठी लांबवर पांगलेली असतात. महिनोन्‌महिने एका जागी बसलेला असा तळ म्हणजे एक गावच, आणि गावाला सगळीकडून वाटा असतात. सुभेदार म्हणाले, तळावर हल्ला करायचा तर त्याच्या भिंतीवर करत नाहीत, त्याच्या सवयीवर करतात. माणसं कधी पाण्याला जातात, कधी झोपतात, कुठल्या बाजूने कुणी येईल असं त्यांना वाटतच नाही, ते हेरायचं.

आता महाराजांचा हुकूम पाहा. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत तो सापडतो. प्रतापराव गुजर सरनौबत, म्हणजे सेनापती, यांनी घोडदळ घेऊन वरघाटाने, म्हणजे देशावरून, साल्हेरीस जायचं. मोरोपंत पिंगळे पेशवे हशम, म्हणजे पायदळ, घेऊन कोकणातून वर चढतील. दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी चालून घ्यायचं. आणि त्यात जो शब्द आहे तो ‘छापा’ आहे. छापा घालून गनीम मारायचा.

किती अवघड काम होतं हे! एक फौज घोड्यांची, एक पायांची. एक देशावरून येणार, दुसरी कोकणातून. मध्ये सह्याद्री. निरोप न्यायला जासूद, आणि जासूद पकडला गेला तर सगळंच उघडं. एक फौज दोन दिवस आधी पोचली असती तर एकटी सापडली असती. नकाशावर दोन बाण काढणं सोपं आहे; मी फळ्यावर शेकडो वेळा काढले असतील. पण ते बाण साल्हेरच्या पायथ्याशी एकत्र यायला ज्यांनी वाटा दाखवल्या, ज्यांनी रात्री घाट चढवले, ज्यांनी तळाची बातमी आणली, त्यांच्याखेरीज तो हुकूम कागदच राहिला असता.

आणि हल्ला झाला १६७२ च्या सुरुवातीला. छापा म्हणून जे ठरलं होतं त्याची मोठी लढाई झाली. इखलासखानाच्या फौजेने तोंड फिरवलं आणि ती लढली. सभासद सांगतो की चार प्रहर युद्ध चाललं. चार प्रहर म्हणजे बारा तास. धुरळा असा उठला की तीन कोसांच्या परिसरात आपलं माणूस कुठलं आणि परकं कुठलं ते दिसेना. मोगल, पठाण, रजपूत, रोहिले लढले. हत्ती रणात आले. दोन्हीकडची मिळून दहा हजार माणसं मेली असं तो लिहितो, घोडे-उंट-हत्ती यांची तर मोजदादच नाही म्हणतो, आणि रक्तामातीचा असा चिखल झाला की त्यात पाय रुतू लागले म्हणतो. दहा हजार हा आकडा बखरकाराचा आहे आणि फलकावर तो बखरकाराचा म्हणूनच लिहावा, ही माझी विनंती आहे. मोगली बाजूच्या नोंदींतही हजारो शिपाई पडल्याचं येतं. राव अमरसिंह चंद्रावत मारला गेला. त्याचा मुलगा मोहकमसिंह आणि इखलासखान, दोघे जखमी होऊन कैद झाले. सुमारे तीस सरदार पकडले गेले आणि वेढ्याचा सगळा तळच मराठ्यांच्या हाती आला. वणी-दिंडोरीला जखमी होऊन वाचलेला तोच इखलासखान. पंधरा-सोळा महिन्यांत त्याच जिल्ह्यात त्याला दुसऱ्यांदा मराठ्यांची तलवार लागली.

मराठ्यांकडून सूर्यराव काकडे पडला. जंबुऱ्याचा गोळा लागून. जंबुरा म्हणजे उंटाच्या पाठीवर नेण्याजोगी छोटी तोफ. बखरीत त्याला महाभारतातल्या कर्णाची उपमा दिली आहे. पोरांना मी हे सांगायचे तेव्हा वर्ग शांत व्हायचा. आता मला वाटतं, जिंकलेल्या बाजूच्या माणसांपैकी कुणाचं नाव राहिलं आणि कुणाचं नाही, याबद्दलही तिथे बोलायला हवं होतं. घाट चढवणारे, वैरण आणणारे, मशालजी, घोड्याच्या पागेतली पोरं. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.

बखरीबद्दल आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही फलकावर यावी असं मला मनापासून वाटतं. सभासदाने हे सगळं १६९४ मध्ये लिहिलं, लढाईनंतर बावीस वर्षांनी, आणि जिंजीत बसून लिहिलं, छत्रपती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. तेव्हा जिंजीलाच मोगलांचा वेढा पडलेला होता. झुल्फिकारखानाने १६९० मध्ये घातलेला तो वेढा १६९८ मध्ये संपला. म्हणजे बाहेर मोगलांचा तळ पसरलेला, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव त्या तळावर बाहेरून तुटून पडत असलेले, आणि आत तटाच्या सावलीत म्हातारा सभासद साल्हेरचा वेढा कसा फोडला ते लिहितोय. त्याला तो धुरळा एवढा नेमका का आठवला असेल, हे मला तेव्हा उमगलं. आणि आता साल्हेर आणि जिंजी एकाच यादीत शेजारी शेजारी बसले आहेत. ज्याने कुणी ती यादी केली त्याच्या मनात हे होतं की नव्हतं, मला त्याचं काही नाही. आपल्या मनात असावं.

आता गनिमी काव्याबद्दल. हा शब्द आपण इतका वापरतो की त्याचा अर्थ लपून बसणं आणि अचानक मारणं एवढाच उरला आहे. त्यावर मी नुसती शिक्षिका म्हणून नव्हे, आई म्हणूनही बोलते, कारण माझा मुलगा लहानपणी काठी घेऊन झाडामागे लपायचा आणि त्याला गनिमी कावा म्हणायचा. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात झालं ते एक प्रकारचं काम होतं. थोडी माणसं, रात्र, शत्रूच्या तळाच्या ऐन मध्यात शिरायचं, घाव घालायचा आणि बाहेर पडायचं. शायिस्ताखानाची बोटं गेली आणि त्याची बेअदबी झाली, त्याची फौज मात्र शाबूत राहिली. तेवढंच साधायचं होतं. वणी-दिंडोरीला उद्देश वेगळा, हाती आलेलं सुखरूप घरी पोचवणं. साल्हेरला उद्देश आणखी वेगळा. तळ मोडायचा होता, वेढा उठवायचा होता, त्यासाठी घाव घालून पळून चालणार नव्हतं. दिवसभर तिथेच उभं राहून लढावं लागलं. निवड मात्र तिन्ही ठिकाणी मराठ्यांची होती: केव्हा, कुठून, किती माणसांनिशी. साल्हेरला मुख्य मोगल फौज दक्षिणेला गेलेली असताना दोन बाजूंनी एकाच वेळी तळावर पडणं, हाच कावा होता. त्यानंतरचे बारा तास शौर्याचे. फलकावर या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या तर नववीतल्या मुलीला समजेल.

मोबाइलवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो, की व्हिएतनामने शिवाजी महाराजांपासून शिकून अमेरिकेला हरवलं आणि तिथल्या नेत्याने तसं बोलून दाखवलं. माझ्या माजी विद्यार्थ्यांनीही मला तो पाठवला आहे. त्या वाक्याला कुणी कधी आधार दाखवलेला नाही. महाराजांना अशा उसन्या प्रशस्तिपत्राची गरज नाही, आणि तो मजकूर साल्हेरच्या कुठल्याही फलकावर, ध्वनिफितीत किंवा गाइडच्या तोंडी येऊ नये. तुलना करायचीच असेल तर खऱ्या घटनेशी करा. ७ फेब्रुवारी १९६५ च्या पहाटे व्हिएतकाँगच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनाममधल्या कम्युनिस्ट बंडखोरांच्या, एका छोट्या तुकडीने प्लेकू इथल्या अमेरिकी तळावर, कॅम्प हॉलोवेवर, हल्ला केला. ८ अमेरिकी सैनिक मेले, शंभरावर जखमी झाले, विमानं आणि हेलिकॉप्टरं जळाली, आणि हल्लेखोर निघून गेले. अमेरिकेने काही तासांत उत्तर व्हिएतनामवर विमानं धाडली आणि मार्चपासून तिथे सलग बॉम्बहल्ले सुरू केले. म्हणजे तळावरच्या हल्ल्याची किंमत पुढे गावांनी, शेतांनी मोजली. हे मुलांना कळलं तर साल्हेरच्या वावरांकडे पाहताना ती विचारतील, इथल्या गावांचं काय झालं? चार प्रहर लढाई झाली ती कुणाच्या पिकात?

आपल्याकडे त्या गावांची बाजू बोलणारा कागद नाही. वेढ्याच्या काळात आसपासची कणगी रिकामी झाली असणार, बैल ओढून नेले असणार, गवताच्या गंज्या गेल्या असणार. मोठा तळ जिथे बसतो तिथे हे होतंच. साल्हेरवाडी, वाघांबे या गावांत आज राहणारे कोकणा आणि भिल्ल समाजाचे लोक या डोंगरांना जसे ओळखतात, तसं कुठल्याही पुस्तकाने ओळखलेलं नाही. कोणत्या नाळेतून डांगात उतरता येतं, उन्हाळ्यात कोणतं टाकं आटत नाही, हे त्यांना पाठ आहे. मग फलकांचा मजकूर त्यांच्या वाचनात आल्याशिवाय का ठरावा? गाइड म्हणून प्रशिक्षण द्यायचं तर आधी या गावांतल्या मुलामुलींना द्या. आणि मजकूर मराठी-इंग्रजीसोबत अहिराणीतही असू द्या. बागलाणची जी पोरं घरी अहिराणी बोलतात आणि शाळेत ती लपवतात, त्यांना आपली भाषा जागतिक वारशाच्या फलकावर दिसली तर काय वाटेल, ते मला माहीत आहे. मी त्यांना २७ वर्षं पाहिलंय.

शत्रूबद्दल एक शब्द. राव अमरसिंह चंद्रावत रजपूत होता, इखलासखान पठाण. एका फौजेत दोघे मोगलांसाठी लढले आणि दोघांचं रक्त एकाच वावरात सांडलं. फलकावर ‘मोगल सैन्य’ म्हणून त्यांची नावं गाळू नका. इखलासखान आणि मोहकमसिंह यांची पुढे सुटका झाली, हेही लिहा. मेलेल्याचं नाव लिहिल्याने जिंकलेल्याचा मोठेपणा उणा होत नाही.

नाशिककरांसाठी रामशेजचाही उल्लेख करते, कारण साल्हेर लांब पडतो आणि रामशेज शहरातून तासाभरात गाठता येतो. आशेवाडीजवळचा हा छोटा डोंगर १६८२ पासून काही वर्षं मोगलांशी झुंजला. किल्ल्यात लोखंडी तोफा नव्हत्या, तर आतल्या लोकांनी लाकडाचे ओंडके पोखरून त्यांच्या तोफा केल्या, असं खुद्द मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. इथेही बाहेरून वेढेकऱ्यांना सतावायला संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना धाडलं होतं. शहाबुद्दीनखान आला, हात हलवत गेला. खानजहान आला, त्याचंही तेच झालं. शेवटी किल्ला गेला तो पैशाने. साल्हेरही १६८७ मध्ये मोगलांकडे गेला तो किल्लेदार फोडूनच. वेढ्याने जे जमलं नाही ते थैलीने जमलं. हे कडू आहे, पण हेही लिहायला हवं. नाहीतर मुलं विचारतात, एवढं जिंकलं तर मग गेलं कसं, आणि शिक्षकाला पुन्हा गप्प बसावं लागतं.

माझी मागणी मोठी नाही. गडाच्या पायथ्याला पार्किंग, हॉटेल, स्वागतकमान, काहीही बांधण्याआधी त्या शेतांचं पुरातत्त्वीय सर्वेक्षण व्हावं. जगभर जुन्या रणभूमींवर हे करतात: ओळीने माणसं चालतात, धातुशोधक यंत्र फिरवतात, सापडलेली प्रत्येक शिशाची गोळी, नाल, बाणाचं टोक कुठे सापडलं त्याची नकाशावर खूण करतात. गोळ्या कुठे दाट आणि कुठे विरळ, यावरून तळ कुठे होता, हल्ला कुठून आला, माणसं कुठल्या दिशेने पळाली, ते उलगडतं. साल्हेरला त्यातून काय निघेल ते शेतं तपासल्यावरच कळेल, पण एकदा वर मुरूम टाकून रोलर फिरला की काहीच कळणार नाही. शेतकऱ्यांची परवानगी घ्या, पिकाची भरपाई द्या, काम सुगीनंतर करा. आणि हे लवकर करा, कारण हौशी लोक तसली यंत्रं विकत घेऊन रानोमाळ हिंडू लागले आहेत, आणि त्यांनी उचललेल्या गोळीची जागा कुणाच्याच वहीत राहत नाही.

पायथ्याला, वावरांच्या बांधावर, शेतकऱ्याच्या संमतीने एक छोटा दगडी फलक लावा. गडाच्या वाटेवर पाऊल टाकण्याआधी वाचता येईल असा. मजकुराचा कच्चा खर्डा मी केला आहे, तो सुधारून घ्या :

“१६७२ च्या सुरुवातीला या परिसरात मोगल फौजेचा तळ होता. ही फौज साल्हेरला वेढा घालून बसली होती. शिवाजी महाराजांच्या हुकमावरून प्रतापराव गुजर घोडदळ घेऊन वरघाटाने आणि मोरोपंत पिंगळे पायदळ घेऊन कोकणातून आले आणि दोन बाजूंनी तळावर पडले. छापा म्हणून आखलेला हा हल्ला दिवसभराची लढाई झाला. सूर्यराव काकडे इथे पडले. राव अमरसिंह चंद्रावत इथे पडले. दोन्हीकडचे हजारो शिपाई आणि असंख्य जनावरं इथे मेली. वेढा उठला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोरोपंतांनी मुल्हेरही घेतला. तुम्ही उभे आहात ती शेतजमीन आहे. बांधावरून चाला, पिकात पाय टाकू नका.”

याचं अहिराणी भाषांतर करायला माझे दोन माजी विद्यार्थी तयार आहेत. एक ताहाराबादला शिक्षक आहे. दुसरी ती नववीतली मुलगी. ती आता सटाण्याला राहते, तिची मुलगी यंदा आठवीत गेली आणि पुढच्या वर्षी त्यांच्या शाळेची सहल साल्हेरला जायची आहे. तोवर निदान सर्वेक्षणाचं पत्र निघावं, एवढी विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
नाशिक